विकत घ्यावे की भाड्याने आणावे?

आपल्या गावात एखाद्या घरी लग्न निघाले की पहिली धावपळ कशाची होते? साडीची नव्हे, सोन्याचीही नव्हे. पहिली धावपळ होते ती मंडपवाल्याकडे जाऊन तारीख धरण्याची. मांडव, गाद्या, खुर्च्या, भाताची मोठी पातेली, पराती, झारे, वाढपाच्या बादल्या, कर्णे, दिव्यांच्या माळा हे सारे भाड्याने येते. एवढेच काय, नवरदेवाची शेरवानीसुद्धा आता दोन दिवसांच्या भाड्याने मिळते. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पाचशे माणसांचा भात शिजेल एवढे पातेले विकत आणून माळ्यावर ठेवणारा गृहस्थ निघालाच, तर गाव त्याला शहाणा म्हणणार नाही.

पण हाच हिशेब आपण रोजच्या पलंगाला, कपाटाला, कपडे धुण्याच्या यंत्राला लावला तर? मागे माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास नोकरीला लागला, म्हणून त्याच्या खोलीवर गेलो होतो. खोली नीटनेटकी होती. पलंग, गादी, टेबल, फ्रिज, सगळे जागच्या जागी. मी म्हटले, "अरे, वर्षभरात चांगला संसार जमवलास की!" तो हसून म्हणाला, "सर, यातलं माझं काहीच नाही. सगळं महिन्याच्या भाड्यानं आणलंय. मी आणि माझी बॅग, तेवढी माझी."

मीही हसलो. पण परतीच्या एसटीत माझ्या डोळ्यांपुढे आमच्या घरातला पितळेचा हंडा उभा राहिला. त्या हंड्याच्या काठावर माझ्या आजोबांचे नाव आणि विकत घेतल्याचे साल कोरलेले आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी नावे कोरलेली भांडी असतील. पैसा पैसा साठवून वस्तू घ्यायची आणि तिच्यावर नाव घालायचे, ही आपल्या वडीलधाऱ्यांची रीत. भाड्याच्या वस्तूला आपल्या भाषेतही फारसा मान नाही. पैशासाठी कोणाचेही काम करणाऱ्याला आपण 'भाड्याचे तट्टू' म्हणतो. 'भाडोत्री' हा शब्द तर शिवीच्या जवळपास जाऊन बसला आहे. असे असताना आजची तरुण मंडळी खुशाल भाड्याच्या पलंगावर निजतात, हे कसे झाले? हे शहाणपण आहे की उधळपट्टी? आणि आपल्या शेतकऱ्याने यातून काय घ्यावे? आजच्या भाषणात हा विचार आपण इतिहासाच्या आधाराने करू.

पहिली गोष्ट ही, की मालक न होता वस्तू वापरण्याची कल्पना मुळीच नवी नाही. आपल्या खेड्यांत ती फार जुनी आहे. एखाद्याची पेरणी खोळंबली की शेजारीपाजारी आपापले बैल आणि औत घेऊन त्याच्या रानात उतरत आणि काम उरकल्यावर तो त्यांना जेवू घाली. याला इर्जिक म्हणत. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात, ही सावड. मराठवाड्यात वारंगुळा म्हणून पद्धत होती. ज्यांच्याकडे एकेकच बैल, असे दोन शेतकरी आपले बैल एका औताला जुंपीत आणि आळीपाळीने दोघांचीही शेते उरकीत. येथे भाडे नव्हते. पैशांऐवजी श्रम होते, शब्द होता. पण मूळ विचार तोच होता. वर्षातून थोडे दिवस लागणारी वस्तू प्रत्येकाने स्वतंत्र बाळगणे परवडत नाही.

याच विचाराचा मोठा व्यापार झाला तो विलायतेत, आणि तोही पुस्तकांचा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये नवी कादंबरी बहुधा तीन भागांत निघे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. मजुराला ती दिसायचीही नाही. मध्यम स्थितीतल्या गृहस्थालाही ती जड जाई. चार्ल्स एडवर्ड मुडी या पुस्तकविक्रेत्याने हे हेरले. १८४२ साली त्याने लंडनमध्ये पुस्तके वाचावयास देणारे दुकान सुरू केले. वर्षाची वर्गणी एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. एका वेळी एक भाग न्यावा, वाचून परत करावा, दुसरा न्यावा. एक कादंबरी विकत घेण्यास जेवढे पैसे पडत, त्याहून कमी पैशांत वर्षभर वाचन! शिवाय कादंबरीचे तीन भाग असल्यामुळे एकच कादंबरी एका वेळी तीन घरी फिरे. मुडीच्या पेट्या रेल्वेने गावोगाव जात. डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ १८५९ साली निघाला, तेव्हा मुडीने एकट्याने त्याच्या पाचशे प्रती उचलल्या होत्या.

आपल्याकडेही पुस्तकांची वाट अशीच निघाली, पण ती थोड्या निराळ्या अंगाने. रत्नागिरीस १८२८ साली, पुण्यास १८४८ साली, ठाण्यास १८९३ साली आणि मुंबईस १८९८ साली ग्रंथालये निघाली. ती कोणा एका दुकानदाराची नव्हती. चार लोकांनी एकत्र येऊन चालवलेल्या संस्था होत्या. वर्गणी भरावी आणि पुस्तक घरी न्यावे. पुस्तक कोणा एकाचे नाही, आणि तरी वर्गणीदार सर्वांचे. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे आपल्याला त्याचे काम पडणार आहे.

आता पुस्तकाकडून यंत्राकडे वळू. यंत्रांच्या बाबतीत भाड्याची गोष्ट अधिक स्पष्ट होते, कारण यंत्र बिघडते. इंग्लंडमध्ये ब्रायटन या गावी १९३० साली 'रेडिओ रेंटल्स' नावाची पेढी निघाली. ती लोकांना रेडिओ भाड्याने देई. पुढे दूरचित्रवाणी आली. २ जून १९५३ रोजी एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला, तो सुमारे दोन कोटी लोकांनी पडद्यावर पाहिला. घरोघर संच हवासा वाटू लागला. पण त्या काळचा संच महाग, आणि त्याच्या आतल्या काचेच्या नळ्या वरचेवर जात. विकत घेतलेला संच बिघडला तर दुरुस्तीचा खर्च आपल्या बोडक्यावर. भाड्याचा संच बिघडला तर पेढीचा माणूस येऊन दुरुस्त करून जाई, नाही तर दुसरा ठेवून जाई. १९६७ साली तेथे रंगीत कार्यक्रम सुरू झाले, तेव्हा तर संचाची किंमत आणखीच वाढली. त्यामुळे पुढची काही वर्षे इंग्लंडातील रंगीत संचांचा फार मोठा हिस्सा भाड्याचा होता. चांगली खाऊनपिऊन सुखी घरेसुद्धा दरमहा भाडे भरून दूरचित्रवाणी पाहत.

अमेरिकेतही असाच एक प्रसंग घडला. आपले शिक्षक बंधू ज्या यंत्रावर प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढून आणतात, त्या यंत्राला आपण सरसकट झेरॉक्स म्हणतो. ते मूळ एका कंपनीचे नाव. त्या कंपनीने १९५९ साली आपले ९१४ नंबरचे यंत्र बाजारात आणले. वजन जवळजवळ साडेसहाशे पौंड, किंमत डोळे पांढरे करणारी. अशी वस्तू कचेऱ्या विकत कशाला घेतील? म्हणून कंपनीने यंत्र महिन्याच्या भाड्याने दिले. ठरावीक प्रती भाड्यात, आणि त्यापुढे जेवढ्या प्रती निघतील तेवढे पैसे. कचेऱ्यांना यंत्र नकोच होते, त्यांना प्रती हव्या होत्या.

श्रोतेहो, सगळ्या गोष्टीची गुरुकिल्ली या वाक्यात आहे, असे मला वाटते. माणसाला कधी वस्तू हवी असते आणि कधी वस्तूचे काम हवे असते. जिथे कामच पुरेसे असते, आणि वस्तू महाग, नाजूक किंवा क्वचित लागणारी असते, तिथे माणूस भाड्याकडे वळतो.

आणि याची उलट बाजूही खरी आहे. वस्तू स्वस्त व टिकाऊ झाली की भाड्याचा धंदा ओसरतो. १८९४ साली मुडी आणि त्याच्या जोडीच्या स्मिथ कंपनीने तीन भागांच्या कादंबरीला पूर्वीचा भाव देण्याचे नाकारले. काही वर्षांतच ती कादंबरी नाहीशी झाली, सहा शिलिंगांची एकभागी कादंबरी आली आणि लोक पुस्तके विकत घेऊ लागले. मुडीचे दुकान १९३७ साली बंद पडले. दूरचित्रवाणीचे संच स्वस्त झाले, वर्षानुवर्षे न बिघडता चालू लागले, तेव्हा इंग्लंडातले भाडेही आटले.

हे आपण आपल्या डोळ्यांनीही पाहिले आहे. १९९० च्या सुमारास मी तालुक्याच्या गावी शिकत होतो. तेव्हा रुपया-दीड रुपया तासाने सायकल मिळे. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घेई, आणि आम्ही मुले घड्याळाकडे पाहत पाहत पायडल मारीत असू. गणपतीत मंडळाची पोरे रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी एका रात्रीच्या भाड्याने आणीत आणि भाडे वसूल व्हावे म्हणून गाव पहाटेपर्यंत जागे! त्याच्याही आधी वरातीच्या गॅसबत्त्या भाड्याने मिळत. गावात वीज आली, गॅसबत्ती गेली. घरोघर सायकली आल्या, तासावारी सायकल गेली. व्हीसीआर तर कोणी विकत घेण्याआधीच जुना झाला.

म्हणजे भाड्याची लाट येते आणि ओसरते. मग आज ती पुन्हा एवढी का चढली? वस्तू तर पूर्वीपेक्षा स्वस्त आहेत. मला याची चार कारणे दिसतात.

पहिले कारण, माणूस एका जागी राहत नाही. माझा तो विद्यार्थी आज पुण्यात आहे, वर्षाने बंगळूरला असेल. पलंग विकत घेतला तर तो नेण्याचा खर्च पलंगाच्या किमतीशी बरोबरी करू लागतो. त्याच्या खोलीत जागाही मोजकीच.

दुसरे कारण, वस्तू लवकर जुनी होते. ती मोडत नाही, पण मागे पडते. चार वर्षांपूर्वीचा संगणक धडधाकट असतो आणि तरी नवे काम त्याच्यावर चालत नाही. अशा वस्तूवर नाव कोरून काय उपयोग?

तिसरे कारण विश्वासाचे आहे, आणि ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तू भाड्याने द्यायची तर घेणारा ती परत आणील याची खात्री लागते. सायकलवाला ओळखीच्यालाच सायकल देई. परक्याला घड्याळ नाही तर पैसे ठेवून घेतल्याशिवाय देत नसे. म्हणून भाड्याचा धंदा गल्लीपुरता, गावापुरता राही. आता मोबाईलमुळे माणसाची ओळख पटते, वस्तू कुठे आहे ते कळते, आणि २०१६ साली यूपीआयची सोय झाल्यापासून दहा रुपयांचे भाडेसुद्धा जागच्या जागी चुकते होते. ओळख गावाबाहेर गेली, तसे भाडेही गावाबाहेर गेले.

चौथे कारण मात्र गिऱ्हाइकाचे नाही, विकणाऱ्याचे आहे. वस्तू एकदा विकली की पैसे एकदाच मिळतात. भाड्याने दिली की दरमहा येतात. आपल्याकडचे छायाचित्रकार आणि लग्नपत्रिका छापणारे ज्या फोटोशॉपवर काम करतात, ते पूर्वी एकदाच पैसे मोजून विकत मिळे. २०१३ साली त्याच्या कंपनीने जाहीर केले की यापुढची नवी आवृत्ती विकत मिळणार नाही, वर्गणी भरूनच वापरावी लागेल. येथे गिऱ्हाइकाने भाडे निवडले असे म्हणता येईल काय? त्याला दुसरा रस्ताच ठेवला नाही. तेव्हा 'हल्ली लोकांना भाडेच आवडते' असे कोणी म्हणाले, तर त्यातले किती आवडीने आणि किती नाइलाजाने, हे विचारावयास हवे.

एवढा वेळ आपण शहरात आणि परदेशात फिरलो. आता आपल्या रानात येऊ, कारण आपल्या शेतकऱ्यापुढे हा प्रश्न शौकाचा नसून पोटाचा आहे.

कृषिगणनेचे आकडे पाहा. १९७०-७१ साली महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेदहा एकर जमीन होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे सव्वातीन एकर. भावाभावांत वाटण्या झाल्या, जमिनीचे तुकडे झाले. पण यंत्राचे तुकडे करता येत नाहीत. तीन एकरवाल्याला अर्धा ट्रॅक्टर कोणी विकत नाही.

शिक्षक बंधूंनी हे गणित फळ्यावर मांडून दाखवावे. समजा, ट्रॅक्टर आणि अवजारे मिळून आठ लाख रुपये पडतात. कर्जावर दहा टक्के व्याज धरले, तर पहिल्या वर्षाचे नुसते व्याज ऐंशी हजार. तेल, दुरुस्ती, विमा वेगळा. आता दुसरीकडे, तीन एकरांत वर्षाकाठी चार कामे ट्रॅक्टरने करून घेतली आणि एकरी दर दीड हजार धरला, तर भाडे होते अठरा हजार. ऐंशी हजार कोठे आणि अठरा हजार कोठे! म्हणून आज नांगरट भाड्याने होते, मळणीयंत्र पोत्यामागे पैसे घेऊन खळ्यावर येते, आणि गव्हाच्या सुगीत पंजाबातले हार्वेस्टर एकराच्या हिशेबाने आपल्या शिवारात फिरतात. दारात स्वतःचा ट्रॅक्टर उभा असावा ही हौस मी समजू शकतो. पण त्या हौसेपायी जमीन गहाण पडलेली घरेही मी पाहिली आहेत.

मग भाडे हेच शहाणपण, असे सांगून मी थांबू काय? नाही. भाड्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती मी आमच्याच घरात पाहिली आहे.

आमचे गाव खटाव तालुक्यात, कोरडवाहू भागात. १९९८ साली माझ्या वडिलांनी घरची बैलजोडी विकली. बाजाराला निघण्याआधी आजोबांचा आणि त्यांचा वाद झाला तो मला शब्दन् शब्द आठवतो. वडील म्हणाले, "तात्या, बैलं दोन म्हयने राबत्यात अन् दहा म्हयने खात्यात. कडब्याचा भाव बघा. ट्रॅक्टरवाला चार तासांत रान करून जातोय." आजोबा म्हणाले, "तुजं खरं हाय. पर बैल आपल्या दावणीला असतोय. ट्रॅक्टर दुसऱ्याच्या दावणीला हाय, एवढं ध्यानात ठेव." वडिलांचा हिशेब चोख होता. बैल गेले, दावण रिकामी झाली, कडब्याचा खर्च वाचला. दोन वर्षे सगळे सुरळीत चालले.

तिसऱ्या वर्षी रब्बीच्या पेरणीला चांगला पाऊस झाला आणि रानाला वाफसा आला. शेतकऱ्याला सांगायला नको, वाफसा कोणासाठी थांबत नाही. वडील ट्रॅक्टरवाल्याकडे गेले, तर तिथे आधीच रांग. वाफसा एकाच दिवशी सगळ्या शिवाराला आलेला, ट्रॅक्टर मात्र गावात दोनच. मोठ्या रानाचे काम आधी, लहान तुकड्याचे मागून, हे ओघानेच आले. आमची पाळी पाचव्या दिवशी आली. तोवर ऊन पडून वरची माती सुकली होती. बी पडले, पण निम्मे उगवले, निम्मे नाही. त्या वर्षी आम्ही ज्वारी विकत आणून खाल्ली. आजोबा एका शब्दाने वडिलांना बोलले नाहीत. रिकाम्या दावणीजवळ जाऊन बसत, एवढेच.

ट्रॅक्टरवाल्याचा यात काही अपराध नव्हता. वडिलांचे गणितही चुकले नव्हते. पण त्या गणितात एक रकाना राहून गेला होता. भाड्याची वस्तू स्वस्त पडते ती बाकीच्यांना नको असते तेव्हा. सगळ्यांना एकाच दिवशी हवी असली, की वस्तू कोणाला द्यायची हे मालक ठरवतो. मालकी म्हणजे काय, तर ऐनवेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागू नये ही सोय. बैलांच्या कडब्याचा खर्च हा त्या सोयीचा दाम होता.

मुडीच्या वाचकांनाही हेच अनुभवावे लागले. वाचकांना काय चांगले, काय वाईट हे मुडी ठरवू लागला. जॉर्ज मूर या कादंबरीकाराचे पुस्तक त्याला नीतीच्या दृष्टीने पसंत पडले नाही, म्हणून त्याने ते ठेवण्याचे नाकारले. मूरने १८८५ साली त्याच्याविरुद्ध पुस्तिकाच लिहिली. जो वस्तू देतो तो ती अडवूही शकतो. आणि दिलेली परतही घेऊ शकतो. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉन कंपनीने आपल्या किंडल यंत्रांतून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके गिऱ्हाइकांना न विचारता पुसून टाकली. ज्याने ती तेथे विक्रीला ठेवली होती त्याला तसा हक्क नव्हता, हे कारण. पैसे परत दिले, पुढे क्षमाही मागितली. परंतु ज्यांनी पुस्तके विकत घेतली असे मानले होते, त्यांना त्या दिवशी कळले की पुस्तकाची किल्ली आपल्या हाती नव्हतीच. छापील पुस्तक कोणी असे फडताळातून काढून नेऊ शकत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. समजा, अठरा हजारांचे धुलाईयंत्र महिना नऊशे रुपये भाड्याने आणले. वीस महिन्यांत किमतीएवढे पैसे गेले आणि यंत्र परक्याचेच. सहा महिने राहणाऱ्याला हे भाडे परवडते, सहा वर्षे राहणाऱ्याला नाही. शिवाय हातात वस्तू असली तर अडीअडचणीला ती मोडता येते, गहाण ठेवता येते. घरातल्या बाईच्या अंगावरच्या दागिन्याने किती घरांचे दुष्काळ काढले आहेत! भाड्याच्या पावत्या कोणी गहाण ठेवून घेत नाही.

तेव्हा करावे काय? माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू मला वर्षातून किती दिवस लागते? ती मागे पडण्याच्या किंवा बिघडण्याच्या आत तिची किंमत वसूल होईल काय? आणि ज्या दिवशी ती मला हवी, त्याच दिवशी ती साऱ्या गावाला हवी असते काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे भाड्याकडे नेतील. तिसऱ्याचे उत्तर 'होय' असेल, तर थांबून विचार करावा. लग्नाच्या पातेल्यासाठी तारीख आधी धरता येते. वाफशाची तारीख कोणाला धरता येत नाही.

आणि येथे तिसरा मार्ग दिसतो. तो आपल्या इर्जिकीत होता, सावडीत होता, वारंगुळ्यात होता, आणि रत्नागिरीच्या आणि पुण्याच्या वाचनालयांतही होता. एकट्याची मालकी नाही, परक्याचे भाडेही नाही. दहाजणांची मिळून मालकी. २०१४-१५ पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेतून शेतकऱ्यांच्या गटांना अवजारे बँका काढण्यास साहाय्य मिळू लागले, त्यामागे हाच विचार आहे. पण अनुदानाने यंत्र येते, पाळी लावून येत नाही. आधी कोणाचे रान, मागून कोणाचे, तीन एकरवाल्याला पाळी मिळणार की नाही, हे गटाने हंगामापूर्वी बसून ठरवावे लागते आणि ठरलेले पाळावे लागते. ज्या गटात हे होत नाही, तेथे यंत्र पुढाऱ्याच्या दारात उभे राहते आणि बाकीचे पुन्हा भाड्याच्या रांगेत.

आमच्या भावकीतल्या पाच घरांनी त्या वाईट वर्षानंतर मिळून एक बैलजोडी घेतली. पाळीची यादी वडिलांनी स्वतः लिहिली आणि आमचे नाव शेवटी घातले. पुढे काही वर्षांनी त्याच पाच घरांनी मिळून पेरणीयंत्र घेतले. ट्रॅक्टर आजही भाड्याचाच लागतो, पण पाचांचे काम एकदम असल्यामुळे ट्रॅक्टरवाला आता आमच्याकडे लवकर येतो. त्या पेरणीयंत्राच्या पेटीवर पांढऱ्या रंगाने पाच नावे लिहिलेली आहेत. आजोबांनी ती वाचून घेतली होती. त्यांना लिहितावाचता येत नव्हते, म्हणून बोट ठेवून एकेक नाव माझ्याकडून वदवून घेतले, आणि म्हणाले, "बरं झालं. हंड्यावर येकच नाव मावतं."

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी ही हकीकत पुढे सांगितली. त्याने पलंग परत केला नाही, आणि मीही तसे सुचवले नाही. त्याच्या फिरतीच्या आयुष्याला भाड्याचा पलंगच योग्य. फक्त त्याला एवढे विचारले, की गावाकडच्या तुझ्या तीन एकरांची पेरणी कोणाच्या पाळीने होते, ते तुला ठाऊक आहे काय? त्याने त्याच रात्री घरी फोन लावला.